परसातल्या कोंबड्यांचे जंत : औषध चोचीत, पण इलाज खुराड्यात

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)

या पत्रकात आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. लागणीची नोंद घ्यायला किंवा प्लॉट पाहायला वस्तीवर गेले, की उसाचे बोलणे संपता संपता घरातून एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, कोंबड्या खात्यात बक्कळ, पण अंगाला काय लागत न्हाई. अंडीबी बंद पडल्यात. काय करावं?" हा प्रश्न इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतो, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून द्यावे असे वाटले.

उसाचे बिल हप्त्याने येते आणि त्यातून सोसायटीची वसुली आधी होते. अंड्यांचा आणि कोंबडीचा पैसा मात्र कोणत्याही खात्याला वळता होत नाही. तो घरातल्या बाईच्या हातात राहतो. मुलांच्या वह्या, तेल-मीठ, औषधपाणी, आठवड्याचा बाजार यातले बरेच काही त्यावर भागते. तेव्हा "कोंबड्या म्हणजे बायकांचा विषय" म्हणून हा लेख बाजूला ठेवू नये. बंधूंनी तो घरात वाचून दाखवावा, आणि भगिनींनी त्यातले पटेल ते आजपासून करावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जंत कोंबडीच्या पोटात असतात, पण त्यांची पेरणी जमिनीत होते. नुसते औषध पाजून थांबलात, तर महिना-दोन महिन्यांत पोट पुन्हा भरते. औषधाबरोबर खुराड्याची जागा सुधारली तरच खर्च केलेला पैसा सार्थकी लागतो.

१. मर वेगळी, जंत वेगळे

कोंबडी मेली की "रोग आला" एवढेच आपण म्हणतो. पण दोन प्रकार नीट वेगळे करावेत. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग झपाट्याने येतो. हिरवट पातळ हगवण होते, धाप लागते, मान वाकडी होते आणि चार दिवसांत खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही. आधी टोचलेली लस हाच उपाय.

जंतांचे तसे नाही. त्यांचा डल्ला सावकाश पडतो. कोंबडी चालते-फिरते, दाणे टिपते, पण वजन धरत नाही. छातीचे हाड हाताला धारेसारखे लागते. तुरा फिकट पडतो. पिसे विस्कटलेली, पंख थोडे सैल दिसतात. शीट पातळ होते. तलंगा वेळेवर अंड्यावर येत नाहीत आणि अंड्यावर असलेल्या कोंबड्या मध्येच थांबतात. पिल्ले असतील तर ती खुरटतात आणि एकेक करून जातात.

उसात हुमणी लागल्यावर काय होते ते आठवा. ऊस पिवळा पडतो. आपण समजतो पाणी कमी पडले, म्हणून पाणी देतो, युरिया टाकतो. खाली मुळाशी हुमणी बसलेली असते. उपटून पाहिल्याशिवाय कळत नाही. जंताच्या कोंबडीचेही तसेच आहे. आपण मूठभर दाणे वाढवतो आणि ते जंतांना जातात.

हिशोब करून पाहा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते असे धरू. ती तीन-चार खेपांत देते. घरात १० कोंबड्या असल्या आणि जंतांमुळे प्रत्येकीची एकच खेप, म्हणजे १५ अंडी, बुडाली, तर वर्षाला १५० अंडी गेली. त्याला आपल्या गावच्या गावरान अंड्याच्या भावाने गुणा. त्यात खुरटलेली पिल्ले आणि बाजारात हलकी भरलेली कोंबडी धरलेलीच नाही. या मानाने जंताच्या औषधाचा खर्च किरकोळ आहे.

२. पोटात कोण कोण राहते

मोठे गोल जंत. हे सर्वांत जास्त आढळतात. पांढरट-पिवळसर, गोल, दोन्ही टोकांना निमुळते. जाड शेवईसारखे दिसतात. नर ५ ते ७ सेंटिमीटर आणि मादी १० ते १२ सेंटिमीटरपर्यंत लांब भरते. ते लहान आतड्यात राहतात. फार झाले तर त्यांचा गुंता होऊन आतडे तुंबते. तीन महिन्यांखालच्या पिल्लांना त्यांचा त्रास अधिक. मोठ्या कोंबडीत थोडी प्रतिकारशक्ती येते. ती स्वतः फारशी आजारी दिसत नाही, पण तिच्या शिटेतून अंडी पडत राहतात आणि ती पिल्लांना बाधतात.

आंधळ्या आतड्यातले जंत. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात. त्यांना आंधळी आतडी म्हणतात. त्यात एक-दीड सेंटिमीटरचे बारीक पांढरे जंत सापडतात. कोंबडीला त्यांचा स्वतःचा त्रास कमी, पण एका वेगळ्या रोगाचे जंतू ते आपल्या अंड्यातून वाहून नेतात. तो रोग टर्की पक्ष्यांना फार मारक आहे. म्हणून ज्यांनी हौसेने टर्की आणल्या असतील त्यांनी त्या कोंबड्यांत सोडू नयेत.

केसासारखे जंत. हे इतके बारीक की नुसत्या डोळ्याला सहजासहजी दिसत नाहीत. काही अन्ननलिकेत व गळ्याच्या पिशवीत, काही आतड्यात चिकटतात. संख्येने वाढले तर कोंबडी चांगलीच खंगते.

पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत. फितीसारखे, तुकड्या-तुकड्यांचे. काही जाती २०-२५ सेंटिमीटर लांब होतात, तर एक जात जेमतेम ३-४ मिलिमीटरची, पण आतड्याला फार इजा करणारी. पट्टकृमीचे तुकडे शिटेबरोबर पडतात. ताज्या शिटेवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे काही दिसले, तर ते बहुधा हेच.

रक्ती हगवणीचे जंतू. हे जंत नव्हेत. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव आहेत. पण आतड्यात राहूनच नुकसान करतात, म्हणून इथेच नोंदवतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना यांचा मोठा धोका. त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

३. जंताचा फेरा

हा भाग लक्ष देऊन वाचावा. हा फेरा कळला की उपाय आपोआप कळतो.

गोल जंताचा रस्ता सरळ आहे. मादी आतड्यात अंडी घालते. ती शिटेबरोबर बाहेर पडतात. बाहेर पडलेले अंडे लगेच बाधत नाही. त्याला ऊब आणि ओल लागते. ती मिळाली की आठवडा-दोन आठवड्यांत अंड्याच्या आत अळी तयार होते. मग ते अंडे दाण्याबरोबर, पाण्याबरोबर किंवा मातीबरोबर कोंबडीच्या पोटात गेले की फेरा पुन्हा सुरू. पोटात गेल्यापासून जंत मोठा होऊन अंडी घालायला साधारण ५ ते ८ आठवडे लागतात. गांडुळाने ही अंडी गिळली आणि कोंबडीने ते गांडूळ टिपले, तरी बाधा होते.

पट्टकृमीचा रस्ता मध्यस्थामार्फत जातो. त्याची अंडी कोंबडीने थेट खाल्ली तर काही होत नाही. ती आधी एखाद्या किड्याने खावी लागतात. काही जातींना मुंग्या लागतात, काहींना शेणातले भुंगेरे, एका जातीला घरमाशी चालते, तर त्या अगदी लहान जातीला गोगलगाय. कोंबडी तो किडा खाते आणि आतली अळी तिच्या पोटात जाते. पोटरीत राहणाऱ्या काही जंतांचे मध्यस्थ नाकतोडे व भुंगेरे आहेत.

आता आपल्या परसाकडे पाहा. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जातात. रात्रभर एकाच जागी शीट पडते. सकाळी घरची बाई खुराडे झाडते आणि ती शीट पाटीत भरून कुठे टाकते? उकिरड्यावर. उकिरड्यावर शेण आहे, ओल आहे, ऊब आहे, माश्या आहेत, भुंगेरे आहेत, गांडुळे आहेत. जंताच्या अंड्याला आणखी काय हवे? आणि खुराड्यातून सुटलेली कोंबडी पहिल्यांदा कुठे जाते? त्याच उकिरड्यावर. पायाने उकरते आणि टिपते. रात्री पोटातून पडलेले काही दिवसांनी पुन्हा पोटात. फेरा आपणच आपल्या पाटीने पूर्ण करून देतो.

यात आपल्या ऊस पट्ट्याची आणखी एक अडचण आहे. कोरडवाहू गावात उन्हाळा फुकटात बरेच काम करतो. तापलेल्या, कोरड्या जमिनीवर उन्हात जंताची अंडी टिकत नाहीत. पण सावलीत आणि ओलीत ती कित्येक महिने जिवंत राहतात. आपल्याकडे पाट बारमाही वाहतो, ऊस घराच्या भिंतीपर्यंत आलेला असतो, न्हाणीचे सांडपाणी परसातच जिरते, आणि खुराडे नेमके त्याच सावलीत, भिंतीच्या आडोशाला असते. म्हणजे इथे जंतांना एप्रिल-मे महिन्यांतही पावसाळाच. म्हणून "उन्हाळ्यात आपोआप कमी होईल" या भरवशावर बागायतदाराने राहू नये.

४. घरच्या घरी ओळख

कोंबडी कापण्याचा प्रसंग प्रत्येक घरात येतो. पाहुणे असोत, जत्रा असो. त्या दिवशी पाच मिनिटे जास्त द्यावीत. आतडी फेकून देण्याआधी एका जुन्या ताटात पाणी घेऊन त्यात ठेवावीत आणि कात्रीने लांबीत उभी चिरावीत. लहान आतड्यात शेवईसारखे जंत आहेत का, फितीसारखे आहेत का, आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक गाठी आहेत का, शेवटच्या दोन पिशव्यांत पांढरे दोरे वळवळतात का, ते पाहावे. एका कोंबडीत सापडले म्हणजे बाकीच्यांतही आहेत असे धरून चालावे, कारण सगळ्या एकाच परसात चरतात.

पाहून झाल्यावर ती आतडी उकिरड्यावर टाकू नयेत आणि दुसऱ्या कोंबड्यांपुढेही टाकू नयेत. हातभर खड्डा घेऊन पुरावीत. हात साबणाने धुवावेत. या कोंबडीचे मांस खावे का, असे बरेचजण विचारतात. कोंबडीच्या आतड्यातले हे जंत माणसाला होत नाहीत. मांस नेहमीप्रमाणे स्वच्छ धुऊन, पूर्ण शिजवून खाण्यास हरकत नाही.

कापायची कोंबडी नसेल, तर दोन-तीन कोंबड्यांची ताजी शीट झाकणाच्या लहान डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. जेथे सूक्ष्मदर्शकाची सोय आहे तेथे जंतांची अंडी दिसतात आणि कोणता जंत आहे हे कळल्याने औषध नेमके देता येते.

५. खुराडे सुधारा

यासाठी फार पैसा लागत नाही. घरातल्या वस्तूंत काम होते.

(अ) जागा. खुराडे न्हाणीच्या पाण्यापासून आणि पाटापासून दूर, उंचवट्यावर घ्यावे. सकाळचे ऊन त्यावर आले पाहिजे. कोंबड्या पाणी पितात तिथे चिखल होतो. ते भांडे विटांवर ठेवून खाली खडी किंवा वाळू टाकावी.

(ब) तळ. सर्वांत उपयोगी सुधारणा हीच. खुराडे चार खांबांवर दीड-दोन फूट उंच करावे आणि तळाला बांबूच्या कामट्या किंवा जाळी बसवावी. कामट्यांत बोटभर फट ठेवावी. शीट खाली पडते आणि कोंबडीचा पाय व चोच तिला लागत नाही. खाली खताची रिकामी गोणी उलगडून अंथरावी. शीट त्यावर साचते आणि गोणी उचलली की काम झाले. भोवती जुनी जाळी किंवा काट्याचा फास लावला म्हणजे दिवसा कोंबड्या खाली शिरत नाहीत.

(क) झाडलोट. शीट दर दोन-तीन दिवसांनी काढावी. अंड्यात अळी तयार व्हायला आठवड्याच्या पुढे वेळ लागतो हे वर आलेच. त्याआधी शीट हलली की निम्मी लढाई जिंकली. वर्षातून एकदा खुराडे धुऊन काढण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा झाडणे जास्त कामाचे.

(ड) शिटेची विल्हेवाट. ती उघड्या उकिरड्यावर टाकू नये. वेगळा लहान खड्डा घ्यावा. शीट, शेण आणि पाचटाची कुट्टी असे थर द्यावेत, ओल ठेवावी आणि वरून मातीचा थर द्यावा. खड्डा आत चांगला तापला पाहिजे. हात घातला तर चटका बसावा इतका. त्या उष्णतेत अंडी मरतात. दीड-दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावा, म्हणजे कडेचा भागही तापतो. कुजलेले हे खत उसाला उत्तम. कोंबडीच्या शिटेत नत्र व स्फुरद शेणापेक्षा जास्त असते हे आपणास माहीत आहेच. खड्ड्यावर काटेरी फांद्या टाकाव्यात, नाहीतर कोंबड्या तोही उकरतील.

(इ) जागेची फेरपालट. एकाच रानात ऊस-खोडवा-ऊस केला की रोग-किडी साठतात, म्हणून आपण फेरपालट करतो. खुराड्याच्या जागेलाही हा नियम लागू आहे. जमल्यास चार-सहा महिन्यांनी खुराडे परसाच्या दुसऱ्या बाजूला सरकवावे. जुन्या जागेची वरची दोन-तीन बोटे माती खरवडून खड्ड्यात टाकावी, जागा कुदळून उन्हात तापू द्यावी आणि तिथे मेथी किंवा लसूणघास करावा.

चुना आणि फिनेल यांविषयी एक सूचना. चुन्याने जागा कोरडी राहते, म्हणून तो मारावा. पण चुन्याने किंवा फिनेलने जंताची अंडी मरतात असे समजू नये. त्यांचे कवच टणक असते. ऊन, कोरडेपणा आणि कुजण्याची उष्णता हेच त्यांचे खरे शत्रू.

६. औषध कसे द्यावे

जंतांची औषधे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे. पिपराझिन फक्त मोठ्या गोल जंतांवर चालते, तेही वाढ झालेल्या जंतांवर. पट्टकृमीला त्याचा धक्काही लागत नाही. अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल यांचा आवाका मोठा आहे. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल हे औषध आहे. कोणते द्यायचे आणि किती, हे दवाखान्यातील डॉक्टरांकडून कोंबडीच्या वजनावर ठरवून घ्यावे. वजन करायला अवघड नाही. कोंबडी पिशवीत घालून साध्या काट्याला लावावी. शेळीच्या बाटलीतले थोडे किंवा म्हशीच्या गोळीचा तुकडा अंदाजाने देणे बंद करावे. कमी पडले तर जंत मरत नाहीत आणि पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. जास्त पडले तर कोंबडी जाते.

मोकळ्या कोंबड्यांना पाण्यातून औषध दिले तर ते नीट पोचत नाही. त्या पाटाचे, डबक्याचे पाणी पितात. म्हणून प्रत्येकीला हाताने द्यावे. पद्धत अशी :

पहिल्या संध्याकाळी सर्व कोंबड्या कोंडून मोजून घ्याव्यात. सकाळी उपाशीपोटी प्रत्येकीचा डोस पिठाच्या लहान गोळीत घालून चारावा. पातळ औषध असेल तर चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडावे. एकदम ओतले तर श्वासनलिकेत जाते. दिलेल्या कोंबडीच्या पायात सुताचा धागा बांधावा, म्हणजे एकीला दोनदा दिले जात नाही.

यानंतरची गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. औषध दिल्यावर कोंबड्या लगेच मोकळ्या सोडू नयेत. एक दिवस-रात्र कोंडूनच ठेवाव्यात. आत दाणा-पाणी द्यावे. या काळात मेलेले जंत आणि त्यांच्या पोटातली अंडी शिटेबरोबर पडतात. कोंबड्या सोडल्या असतील तर ती सगळ्या परसात पसरतात. कोंडल्या असतील तर एका जागी सापडतात. ती सर्व शीट गोळा करून खोल पुरावी. पैसे देऊन पोटातून काढलेले पुन्हा रानात पेरू नये.

औषध दिल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ-विकू नयेत आणि किती दिवस कोंबडी कापू नये, हे औषध घेतानाच विचारावे. यातून एक सोपी वाट आहे. कोंबडी खुडूक झाली की तिची अंडी आपसूक बंद असतात. उबवायला ठेवायची अंडी आधीच गोळा केलेली असतात. अंड्यांवर बसवण्याआधी तिला डोस द्यावा. अंड्यांचे नुकसान नाही, आणि २१ दिवसांनी पिल्ले निघतील तेव्हा त्यांच्या आईच्या पोटातले जंत कमी झालेले असतील. पिल्लांना पहिली बाधा बहुधा आईच्याच शिटेतून होते.

आणखी एक. वस्तीवरच्या चार घरांच्या कोंबड्या एकत्र चरतात. एकाने डोस दिला आणि तिघांनी नाही, तर उपयोग थोडा. बचत गटाच्या बैठकीत वार ठरवून सर्वांनी एकाच दिवशी द्यावा. डॉक्टरांनाही एक फेरी पुरते आणि औषधही एकत्र आणल्याने स्वस्त पडते.

७. पिल्लांची विशेष काळजी

पिल्ले गळाठली, पंख पाडून एका कोपऱ्यात घोळका करून उभी राहिली आणि शिटेत रक्त दिसले, तर ती रक्ती हगवण समजावी. इथे जंताचे औषध चालत नाही. अँप्रोलियमसारखे वेगळे औषध लागते आणि तेही त्याच दिवशी. दोन दिवस वाट पाहिली तर निम्मी पिल्ले हाती राहत नाहीत. याचे जंतू उबदार ओलीत एक-दोन दिवसांतच बाधायला तयार होतात. म्हणून पिल्लांच्या डालग्याखालची जागा रोज बदलावी, ओले तूस रोज काढावे आणि दाणे जमिनीवर न फेकता थाळीत द्यावेत. पिल्ले मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात निदान दोन-अडीच महिने घालू नयेत.

पिल्लांना जंताचा पहिला डोस सातव्या आठवड्यात द्यावा आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची लस टोचून घ्यावी. पोटात जंत असताना दिलेली लस कमी काम करू शकते, म्हणून हा क्रम. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिल्ले आणणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. ती वाढतात भराभर, म्हणून त्यांची खुरट नजरेत लवकर येत नाही.

अंगात ताकद असेल तर कोंबडी जंतांना तोंड देते. अ जीवनसत्त्व कमी पडले तर गोल जंत अधिक बाधतात असे आढळले आहे. लसूणघास, मेथी, शेवग्याचा पाला बारीक चिरून रोज द्यावा. सोबत मूठभर मका किंवा बाजरी भरडून द्यावी.

८. काही गैरसमज

"वावडिंग, हळद, कडुनिंब पुरे होईल." हे देण्यास हरकत नाही. पण पोट जंतांनी भरले असताना केवळ यावर विसंबू नये.

"तंबाखूचे पाणी पाजले की जंत पडतात." तंबाखूतले विष जंताला लागायचे आणि कोंबडीला लागायचे यातले अंतर फार थोडे आहे. हा प्रयोग करू नये.

"शेतातली पावडर खुराड्यात टाकली." पिकासाठीची कीटकनाशके खुराड्यात वापरू नयेत. बेणेप्रक्रियेचे उरलेले पाणी परसात ओतू नये. दाणेदार औषधाची पुडी उघडी ठेवू नये. कोंबडी तो दाणा समजून टिपते, आणि मग जंतांचा प्रश्नच उरत नाही.

"उकिरड्यावर कोंबडी जाऊच देऊ नये काय?" ते शक्य नाही आणि गरजही नाही. तिथले किडे हे तिचे फुकटचे खाद्य आहे. फक्त तिचीच शीट तिथे टाकू नये.

९. वर्षाचे वेळापत्रक

मे अखेर, वळवाच्या आधी : खुराड्याची जागा खरवडून उन्हात तापू द्यावी. सर्व कोंबड्यांना पहिला डोस द्यावा.

जुलै-ऑगस्ट, आडसालीच्या लागणीचे दिवस : घरात मनुष्यबळ कमी असते आणि नेमके हेच जंतांचे दिवस. दर दोन दिवसांनी शीट काढण्याचे काम घरातल्या एकाच्या नावावर लावून टाकावे. नवी पिल्ले शक्यतो या दिवसांत काढू नयेत.

सप्टेंबर, पाऊस ओसरताना : दुसरा डोस.

डिसेंबर, गाळप भरात असताना : तिसरा डोस. हिवाळ्याची पिल्ले काढण्याआधी खुडूक कोंबड्यांना द्यावा.

मार्च : शीट तपासून घ्यावी. जंत आढळल्यास चौथा डोस द्यावा, नसल्यास खर्च वाचला.

सभासद बंधू-भगिनींनो, हुमणी उसाच्या मुळाशी मारण्यापेक्षा पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर-बाभळीवर आलेले भुंगेरे गोळा करणे स्वस्त पडते, हे आपण अनुभवाने शिकलो. कोंबडीच्या जंतांनाही तोच न्याय आहे. या महिन्यात तीनच गोष्टी कराव्यात. खुराडे जमिनीपासून उचलावे, त्यातली शीट उकिरड्याऐवजी झाकलेल्या खड्ड्यात टाकावी, आणि पुढची कोंबडी कापाल तेव्हा तिचे आतडे चिरून पाहावे. जंत दिसले तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. ज्या वस्तीवर पाच-सहा घरे मिळून एकाच दिवशी औषध देण्यास तयार असतील, त्यांनी आपल्या गटाच्या शेती मदतनीसाकडे नावे द्यावीत. दवाखान्याशी बोलून दिवस ठरवून देता येईल.